वाळवंट तुडवणारा विद्यार्थी भिक्खू : ह्यू-एन-त्संग



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते तेव्हा आपण भगवान बुद्ध, बाबासाहेब, फुले, शाहू महाराज यांच्याविषयी लिहितो. ते लिहिलेच पाहिजे. पण ज्यांच्या पायपिटीमुळे आपल्या धम्माचा इतिहास आपल्या हाती राहिला, अशाही काही माणसांची आठवण घरोघरी व्हावी असे वाटते. त्यांतला एक मोठा माणूस म्हणजे चिनी भिक्खू ह्यू-एन-त्संग. हल्लीच्या शाळेच्या पुस्तकात त्याचे नाव युआन श्वांग असे छापतात. माणूस एकच. परीक्षेत त्याच्यावर दोन मार्कांचा प्रश्न येतो, मुले उत्तर पाठ करतात आणि विसरून जातात. तो भारतात आला एवढे सगळ्यांना ठाऊक असते. पण कसा आला, वाटेत त्याच्यावर काय गुदरले, हे फार थोड्यांना माहीत आहे. मी सातवीपर्यंत शिकलेला गिरणी कामगार. जे काही वाचले ते पाळीवरून सुटल्यावर वाचनालयात बसून वाचले. त्यातून समजले तसे सांगतो.

ह्यू-एन-त्संग याचा जन्म इ. स. ६०२ च्या सुमारास चीनमधील लोयांग शहराजवळच्या एका खेड्यात झाला. घराण्याचे नाव चेन. चार भावांत हा धाकटा. घर विद्येचे होते, पण आई-वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. एक थोरला भाऊ भिक्खू झाला होता. तो याला आपल्याबरोबर लोयांगच्या विहारात घेऊन गेला. तेरा वर्षांचा असताना सरकारी हुकमाने काही नवे भिक्खू निवडायचे होते. याचे वय कमी, त्यामुळे निवडीत बसेना. तेव्हा हा पोरगा दाराशीच उभा राहिला. निवड करणाऱ्या अधिकाऱ्याने त्याची विचारपूस केली, उत्तरे ऐकून तो थक्क झाला आणि नियम बाजूला ठेवून त्याला आत घेतले. पुढे आयुष्यभर या माणसाने हेच केले. बंद दारापाशी उभा राहिला आणि दार उघडेपर्यंत हलला नाही.

इ. स. ६१८ मध्ये सुई घराण्याचे राज्य बुडाले. सगळीकडे लढाया आणि उपासमार. दोघे भाऊ आधी छांगआन येथे आणि तिथून पुढे चेंगडू येथे गेले. तिथे इ. स. ६२२ मध्ये, विसाव्या वर्षी, त्याने उपसंपदा घेतली. नंतर तो गावोगावच्या आचार्यांकडे शिकत फिरला. आणि शिकता शिकता त्याच्या मनात एक शंका बसली. एक आचार्य एक अर्थ सांगतो, दुसरा त्याच्या उलट सांगतो. ग्रंथांची चिनी भाषांतरे एकमेकांशी जुळत नाहीत. काही ग्रंथ तर अर्धेच आलेले. मग खरे कुणाचे मानायचे?

दुसरा कोणी असता तर आपल्या गुरूचे खरे धरून गप्प बसला असता. याने ठरवले, मूळ ग्रंथ जिथे लिहिले गेले तिथेच जायचे, ती भाषा शिकायची आणि स्वतः वाचून बघायचे. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, पारखून घ्या, ही तथागतांची शिकवण आपण विहारात ऐकतो. ती त्याने पायाने अंमलात आणली. योगाचारभूमिशास्त्र नावाचा मोठा ग्रंथ पूर्ण मिळवायचा, ही त्याची खास ओढ होती.

पण त्या काळी थांग राज्याची सरहद्द बंद होती. परवानगीवाचून कोणी पश्चिमेला जायचे नाही असा बादशहाचा हुकूम. त्याने काही भिक्खूंबरोबर अर्ज केला, तो फेटाळला गेला. बाकीच्यांनी नाद सोडला. हा मात्र इ. स. ६२९ मध्ये, सत्तावीस वर्षांच्या वयात, गुपचूप निघाला.

लियांगचौ येथे सुभेदाराने त्याला परत फिरण्याचा हुकूम दिला. तिथल्या एका भिक्खूने आपले दोन शिष्य सोबत दिले. दिवसा लपायचे आणि रात्री चालायचे, असे करत ते क्वाचौ या सरहद्दीवरच्या गावी पोचले. तिथे त्याचा घोडा मेला. सोबतचे दोघे शिष्यही राहिले नाहीत. एक पुढे तुनहुआंगला गेला, दुसऱ्याच्या अंगात पुढचा प्रवास झेपण्याची ताकद नव्हती, त्याला यानेच माघारी पाठवले. पाठोपाठ त्याला पकडण्याचे वॉरंट आले. ज्या अंमलदाराच्या हातात ते पडले तो बौद्ध उपासक होता. त्याने ते ह्यू-एन-त्संगला दाखवले, त्याच्यासमोरच फाडून टाकले आणि लवकर निघून जायला सांगितले.

पुढे होते वाळवंट. आपल्याला वाळवंट म्हटले की पंढरपूरचे चंद्रभागेचे वाळवंट आठवते, नाहीतर सिनेमातल्या वाळूच्या टेकड्या. गोबीचा हा भाग तसा नाही. बहुतेक ठिकाणी सपाट माळ, त्यावर काळी-करडी खडी आणि गोटे, मध्ये मध्ये वाळू. डोंगर नाही, झाड नाही, नजरेला अडवणारे काही नाही. उन्हाळ्यात अंग भाजते आणि हिवाळ्यात रक्त गोठते. या पट्ट्याची लांबी तेव्हाच्या मोजमापाने आठशे ली सांगितली आहे. एक ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर. म्हणजे सुमारे चारशे किलोमीटर. आपल्या कोल्हापूरपासून मुंबईपर्यंत चालत जायचे आणि वाटेत एक गाव नाही, एक विहीर नाही, असे समजा.

वाटेत पाणी फक्त पाच चौक्यांपाशी होते. एकेक चौकी सुमारे शंभर ली अंतरावर. तिथे सैनिक पहाऱ्यावर. म्हणजे पाणी हवे तर सैनिकांच्या तोंडीच जायचे. त्यापुढे तर तेही नाही.

क्वाचौमध्ये एक परदेशी तरुण त्याला भेटला. त्याने ह्यू-एन-त्संगकडून पंचशील घेतले आणि वाटाड्या म्हणून यायचे कबूल केले. त्याने एका म्हाताऱ्याला आणले. म्हाताऱ्यापाशी तांबडा, हाडे निघालेला म्हातारा घोडा होता. या घोड्याने हामीची वाट पंधरा वेळा केली आहे, तुझा तरणा घोडा इथे कामाचा नाही, असे म्हाताऱ्याने समजावले. ह्यू-एन-त्संगने आपला चांगला घोडा देऊन तो मरतुकडा घोडा घेतला. वाचकांनी हा घोडा ध्यानात ठेवावा.

रात्री नदीपाशी वाटाड्याने झाडे तोडली, त्यावर गवत आणि वाळू टाकून पूल केला आणि घोडे पार नेले. पलीकडे गेल्यावर दोघे थोडे अंतर ठेवून उघड्यावरच अंथरूण टाकून निजले. मध्यरात्री ह्यू-एन-त्संगला जाग आली, तर वाटाड्या सुरा उपसून त्याच्याकडे येत होता. काही पावलांवर आला, थांबला आणि माघारी फिरला. पंचशील घेतलेला माणूस, पण भीतीने त्याला काय सुचवले बघा. पकडले गेलो तर आपली मान जाईल, ही धास्ती त्याच्या मनात होती. ह्यू-एन-त्संग उठून बसला आणि सूत्रपाठ करत राहिला. सकाळी त्याने वाटाड्याला दोष दिला नाही. तू कोण हे मी कधीही कुणाला सांगणार नाही, माझे तुकडे केले तरी नाही, असे वचन देऊन आणि एक घोडा देऊन त्याला घरी पाठवले. आणि एकटा पुढे निघाला.

रस्ता म्हणून काही नव्हताच. आधी मेलेल्या माणसांची आणि जनावरांची हाडे आणि घोड्यांची लीद, हीच वाटेची खूण. एके ठिकाणी त्याला शेकडो घोडेस्वारांची फौज दिसली. कधी जवळ, कधी लांब, कधी झेंडे, कधी उंट, आणि जवळ जावे तर काहीच नाही. हे भूत नव्हे. तापलेल्या जमिनीवरची हवा गरम होते, त्यातून प्रकाश वाकडा होऊन येतो आणि डोळा फसतो. आपल्याकडे वैशाखात डांबरी रस्त्यावर लांब पाणी दिसते, तेच मृगजळ. एकट्या माणसाला त्या माळावर ते किती भिववत असेल, विचार करा.

पहिल्या चौकीपाशी तो दिवसभर वाळूच्या घळीत लपला. रात्री पाण्यावर गेला, प्यायला, हात-तोंड धुतले आणि चामड्याची पिशवी भरायला घेतली. तोच एक बाण सुसाट येऊन गुडघ्याजवळून गेला. लगेच दुसरा. त्याने ओरडून आपण भिक्खू असल्याचे सांगितले आणि सरळ चौकीत गेला. चौकीचा अंमलदार वांग श्यांग हाही बौद्ध होता. इतक्या लांबच्या प्रवासात मरशील, त्यापेक्षा तुनहुआंगला जा, तिथे चांगले आचार्य आहेत, असे तो कळकळीने म्हणाला. ह्यू-एन-त्संगने उत्तर दिले की शिक्षा करायची तर कर, पण मी पूर्वेकडे एक पाऊलही परत टाकणार नाही. तेव्हा अंमलदाराने त्याला जेवू घातले, पाणी आणि भाकऱ्या बांधून दिल्या, स्वतः काही अंतर पोचवायला आला आणि चौथ्या चौकीवरच्या आपल्या नातेवाइकाकडे जायला सांगितले. त्या नातेवाइकाने मोठी पखाल दिली, घोड्याला चारा दिला आणि बजावले की पाचव्या चौकीला जाऊ नकोस, तिथला माणूस बरा नाही. लांबून वळसा घे, पुढे शंभर लीवर रानघोड्यांचा झरा आहे.

इथून खरे वाळवंट सुरू झाले. वर पाखरू नाही, खाली जनावर नाही, गवताची काडी नाही. शंभर लीपेक्षा जास्त चालला, पण वाट चुकली आणि तो झरा काही सापडला नाही. पाणी प्यावे म्हणून त्याने पखाल उचलली. ती जड होती, हातातून निसटली आणि सगळे पाणी वाळूत गेले. हजार ली पुरायचे पाणी एका क्षणात जमिनीने पिऊन टाकले.

आता काय करायचे? त्याने घोडा वळवला आणि पूर्वेकडे, चौथ्या चौकीकडे, परत निघाला. होय, परत निघाला. एक पाऊलही मागे टाकणार नाही म्हणणारा माणूस दहा ली मागे गेला, म्हणजे पाच किलोमीटर. मग त्याला आपले शब्द आठवले. परत जाऊन जगण्यापेक्षा पश्चिमेकडे तोंड करून मेलेले बरे, असे मनाशी ठरवून त्याने लगाम पुन्हा फिरवला.

बंधूंनो, मला या माणसाच्या चरित्रात सगळ्यात मोठी वाटते ती ही दहा ली जागा. आपण थोर माणसांच्या गोष्टी अशा सांगतो की जणू त्यांचे पाऊल कधी डगमगलेच नाही. मग आपली पोरे म्हणतात, ती माणसं वेगळी, आपल्याला ते जमायचं नाही. ह्यू-एन-त्संगचे पाऊल डगमगले. त्याच्या शिष्यांनी त्याचे चरित्र लिहिले तेव्हा त्यांनी हे लपवले नाही. सूतगिरणीत साच्यावर धागा तुटतच असतो. धागा कधी तुटलाच नाही असा कामगार मी पाहिलेला नाही. तुटला की सांधायचा आणि साचा चालू ठेवायचा, यालाच आम्ही हुशारी म्हणतो.

चार रात्री आणि पाच दिवस त्याच्या घशात पाण्याचा थेंब गेला नाही. दिवसा वारा वाळूचा पाऊस पाडी, रात्री लांबवर दिवे चमकल्यासारखे दिसत. शेवटी घोडा आणि माणूस दोघेही वाळूत आडवे झाले. तो अवलोकितेश्वराचे नाव घेत पडून राहिला. पाचव्या रात्री गार वारा सुटला, अंगात थोडी धुगधुगी आली, डोळा लागला. स्वप्नात एक धिप्पाड पुरुष भाला घेऊन, झोपलास काय, चल, असे दरडावताना दिसला. तो दचकून उठला आणि चालू लागला. दहा ली गेल्यावर त्या म्हाताऱ्या घोड्याने एकदम वाट सोडली. लगाम ओढला तरी ऐकेना. काही अंतरावर हिरवे गवत आले आणि पुढे गोड पाण्याचे तळे.

शिष्यांनी याला अवलोकितेश्वराची कृपा म्हटले आहे. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे, आपण चमत्काराच्या मागे लागू नये. पंधरा वेळा ती वाट केलेला घोडा होता तो. त्याला गवत-पाण्याचा वास आला असेल किंवा जागा आठवली असेल. अनुभवी माणसाचा सल्ला ऐकून दिसायला वाईट पण वाटेचा माहीतगार घोडा घेतला, तो कामी आला. श्रद्धेने त्याला पाच दिवस धरून ठेवले हे मात्र खरे. तळ्याकाठी एक दिवस मुक्काम करून, पाणी भरून, चारा कापून तो निघाला आणि दोन दिवसांनी हामीला पोचला. तिथल्या विहारात तीन चिनी भिक्खू होते. त्यांतला एक म्हातारा अनवाणीच धावत आला आणि मायदेशाचा माणूस पुन्हा दिसेल असे वाटले नव्हते, म्हणून गळ्यात पडून रडला.

पुढची संकटे वेगळी होती. गाओछांगच्या राजाला तो इतका आवडला की सोडायलाच तयार होईना. ह्यू-एन-त्संगने अन्नपाणी सोडले. चौथ्या दिवशी राजा नमला, आणि नमला तोही मोठ्या मनाने. तीस घोडे, पंचवीस माणसे, वाटेतल्या राजांना चोवीस पत्रे, सोने-चांदी, थंडीसाठी हातमोजे आणि जोडे, असे सगळे दिले. पुढे बर्फाचे पर्वत लागले. निजायला कोरडी जागा नाही, म्हणून भांडे टांगून शिजवायचे आणि बर्फावरच अंथरायचे. सात दिवसांत बरोबरच्या दहांतली तीन-चार माणसे गारठून मेली. तिथून समरकंद, बाल्ख, बामियान, गांधार असे करत तो भारतात आला.

काश्मीरमध्ये दोन वर्षे शिकला. श्रावस्ती, लुंबिनी, कुशीनगर, सारनाथ, वैशाली, बोधगया अशी सगळी ठिकाणे पाहिली. नालंदा विद्यापीठात वृद्ध आचार्य शीलभद्र यांच्या पायाशी बसून ज्या ग्रंथासाठी निघाला होता तो शिकला. दक्षिणेत कांचीपर्यंत जाऊन इ. स. ६४१ च्या सुमारास तो आपल्या महाराष्ट्रात आला. तेव्हा इथे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करत होता, ज्याने उत्तरेच्या हर्षवर्धनाला नर्मदेवर थोपवले. इथली जमीन सुपीक, माणसे साधी, प्रामाणिक आणि मानी, उपकार केला तर न विसरणारी आणि अपमान केला तर सूड घेणारी, असे त्याने लिहून ठेवले. शंभरावर विहार आणि सुमारे पाच हजार भिक्खू या मुलखात होते. डोंगरातल्या एका लेण्याचे, दाराशी दगडी हत्ती असलेल्या विहाराचे त्याने केलेले वर्णन अजिंठ्याचे आहे असे विद्वान मानतात. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याच्या वाटेवर ते हत्ती आजही आहेत. जोतिबाच्या डोंगराजवळ पोहाळ्याची लेणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. आपल्या पंचक्रोशीतही धम्म रुजला होता, याची ती साक्ष.

परत जाताना हर्षाने त्याला हत्ती दिला, लवाजमा दिला. सिंधू नदीत नाव कलंडून पन्नासच्या आसपास पोथ्या वाहून गेल्या. पर्वतात चोरांच्या गोंधळात हत्ती बुडाला. खोतानला थांबून त्याने वाहून गेलेल्या पोथ्यांच्या नकला मागवल्या आणि बादशहाला पत्र लिहून, हुकूम मोडून गेलो होतो हे कबूल केले. बादशहाने स्वागताचे उत्तर पाठवले. मग पुन्हा वाळवंट, या वेळी तकलामकानच्या दक्षिण कडेने. तिथली वाळू वाऱ्याने सरकत राहते, पावलांच्या खुणा टिकत नाहीत, म्हणून इथेही हाडांवरूनच वाट ओळखायची. इ. स. ६४५ मध्ये तो छांगआनला पोचला. वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ होते. गुन्हेगारासारखा रात्री निघालेला माणूस परतला तेव्हा रस्त्यावर माणूस मावत नव्हते.

पण तो थांबला नाही. बादशहाने दरबारात पद देऊ केले, ते नाकारले. पुढची एकोणीस वर्षे भाषांतरात घालवली. पहाटे उठायचे, आज किती करायचे ते लाल शाईने खूण करून ठरवायचे, दिवसा राहिले तर रात्री पुरे करायचे. त्याने पंचाहत्तर ग्रंथ चिनी भाषेत आणले. शेवटचा प्रज्ञापारमितेचा ग्रंथ सहाशे भागांचा. सहकाऱ्यांनी थोडे गाळावे असे सुचवले, त्याने एक ओळही गाळली नाही. तो इ. स. ६६३ मध्ये पुरा झाला आणि ६६४ मध्ये त्याचे निधन झाले.

बादशहाच्या सांगण्यावरून त्याने आपले प्रवासवर्णन इ. स. ६४६ मध्ये पुरे केले होते. त्याचे मोल पुढे बाराशे वर्षांनी कळले. भारतात धम्म विस्मरणात गेला, नालंदा मातीखाली गेली, कुशीनगर कुठे हे कुणाला सांगता येईना. तेव्हा इ. स. १८६१ पासून कनिंगहॅम या इंग्रज अधिकाऱ्याने ह्यू-एन-त्संगचे दिशा-अंतराचे आकडे हातात धरून एकेक ठिकाण शोधून काढले. आज आपण सहलीची बस करून नालंदा, कुशीनगर, श्रावस्तीला जातो, ती वाट या भिक्खूने दाखवलेली आहे.

आणि आणखी एक. गावाबाहेर कुणाला राहावे लागत होते तेही त्याने लिहून ठेवले. खाटीक, कोळी, फासावर चढवणारे आणि भंगी यांची घरे नगराबाहेर असत आणि त्यांच्या घरांना खूण असे, अशी त्याची नोंद आहे. इ. स. १९४८ च्या आपल्या अस्पृश्यांवरील ग्रंथात बाबासाहेबांनी अस्पृश्यता कधी जन्मली हे ठरवताना फाहियान आणि ह्यू-एन-त्संग या दोघा चिनी भिक्खूंची साक्ष काढली. अस्पृश्यता अनादि नाही, तिला जन्मसाल आहे, ती माणसांनी केली आहे, हे दाखवायला बाबासाहेबांना हा पुरावा उपयोगी पडला. त्या माळावर दहा ली मागे गेलेला घोडा तसाच मागे गेला असता, तर ही साक्ष आपल्याला मिळाली नसती.

वॉरंट फाडणारा अंमलदार, पखाल देणारा चौकीदार, म्हातारा घोडा देणारा म्हातारा, यांना काही मोठी विद्या नव्हती. पण त्यांच्यावाचून तो पोचला नसता. आपल्या मंगळवार पेठेतल्या कुठल्याही घरात पोरगी किंवा पोरगा पुस्तक घेऊन बसला असेल, तर टीव्हीचा आवाज कमी करणे, त्याच्या फीला हातभार लावणे, त्याला मूळ ग्रंथ मिळवून देणे, एवढी पखाल आपल्यालाही भरून देता येईल. आणि विहारात बाबासाहेबांचे ग्रंथ असतात. त्यांच्याविषयी भाषणात ऐकले म्हणजे वाचले असे होत नाही. कपाट उघडून एक तरी ग्रंथ घरी न्यावा. त्यासाठी आपल्याला कोणतेही वाळवंट ओलांडायचे नाही.

जयभीम. नमो बुद्धाय.